सोळाचं पाणी

८ जून

आजपासून माझ्या न्हाणीघराच्या छपरावर पडणारं पाणीसुद्धा माझं राहिलेलं नाही. धनेशने सकाळीच शिडी लावली, प्लास्टिकचे पाइप उभे चिरून कौलांच्या कडेने पन्हळी बसवल्या आणि सगळ्यांची तोंडं मागच्या हौदाकडे वळवली. हौद बाबांनी बांधलेला. बाहेरून जांभा, आतून गिलावा, वर झाकण. वाटणीत तो माझ्या नावावर आला, म्हणून परवानगी मागायला आला होता. छत्तीस वर्षांचा घोडा, दारात उभा राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. माझा भाऊ असाच उकरायचा. बापाचं दुसरं काही याने उचललं नाही.

"आत्या, हौद तुझो आसा, म्हणान इचारतंय."

"आणि घर?"

"घराचा मागीर बघूया," म्हणाला आणि हसला.

योजना अशी की पावसाचं पाणी साठवायचं, गाळायचं, आणि त्याने किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या काचा धुवायच्या. आखातात, दोह्याला नऊ वर्षं त्याने हेच केलं. लांब दांडा, टोकाला ब्रश, ब्रशातून पाणी. साबण नाही, फडकं नाही, पुसणं नाही. पाणी असं हवं की सुकल्यावर मागे काही उरता कामा नये. आमच्या वायरी गावातल्या विहिरीचं पाणी खारट. त्याने काच धुतली तर सुकल्यावर तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. पाऊस मात्र स्वच्छ आणि फुकट.

मी म्हटलं, आपल्या घराण्यात गलबतं हाकणारे झाले, कचेरीत बसणारे झाले, लोकांच्या खिडक्या धुणारा तू पहिला. चिडला नाही. म्हणाला, "ह्या चाललां नाय तर डिसेंबरच्या आदी परत दोह्याक. ह्या खेपेक आकांक्षाकय घेवन जातलंय." आकांक्षा म्हणजे त्याची बायको.

जावं. मी गोरेगावात एकतीस वर्षं एकटी राहिले, टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, आणि कोणाशी बोलले नाही म्हणून मला काही झालं नाही. घरात माणसं नसली म्हणजे दारं वाजत नाहीत, फरक एवढाच.

परवानगी दिली.

१५ जून

हौद अर्धा भरला. पाणी बघायला गेले तर काळ्या चहासारखं. कौलांची धूळ, फणसाची पानं, वर कावळ्यांची कृपा. धनेशचं म्हणणं, पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी बाहेर सोडतो, बाकीचं चांगलंच असतं, रंगाने काही बिघडत नाही. मग गाळायची तीन नळकांडी आहेत. पहिल्यात सुताचा गुंडा, दुसऱ्यात कोळसा आणि तिसऱ्यात रेझिन नावाचे साबुदाण्यासारखे दाणे, जे पाण्यात विरघळलेलं खेचून घेतात. पेनाएवढा एक मीटरही आहे. पाण्यात बुडवला की त्यात किती काय विरघळलंय त्याचा आकडा दाखवतो. विहिरीचा आकडा सहाशे चाळीस. हौदाचा सोळा. विसाच्या आत असलं म्हणजे काचेवर डाग पडत नाही म्हणे.

आकांक्षा रोज सकाळी हौदाशी जाऊन आकडा बघते आणि तिथूनच ओरडते, "सोळा." मग येऊन स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिते. सहा वाजता. माझी खोली हौदाच्या बाजूला आहे हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

कामाला लवू येतो. बावन्न वर्षांचा, जन्मभर माडांवर चढून नारळ काढले. उंचीची भीती नाही म्हणून धनेशने घेतला. आज दांडा हातात धरून म्हणाला, "बाईनू, माडार गेलंय तर पाणी वरसून खाली पडता. हयसर ता खालसून वर चडवचा. उलटो धंदो."

मी पेलाभर पाणी घेतलं आणि दिनदर्शिकेच्या पानावर ठेवून पाहिलं. बेळगावच्या कॉन्व्हेंटात वसतिगृहाचं पाणी सिस्टर फिलोमिना असंच तपासायची. प्रार्थनेच्या पुस्तकावर पेला ठेवायचा, वरून बघायचं. खालची अक्षरं वाचता आली तर ते पाणी प्यायचं. मला आज चतुर्थी कुठली आणि अमावास्या कुठली ते कळेना.

असलं पाणी घेऊन हा लोकांच्या दारात जाणार. आमचं नाव लावून.

संध्याकाळी सगळे बाजारात गेले तेव्हा सिस्टरचा उपाय केला. तुरटीचा मोठा खडा रुमालात बांधला, अकरा वेळा पाण्यात फिरवला आणि सुंभाने आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कडीला टांगून ठेवला. रुमाल शिवणाच्या वर्गात मी स्वतः भरलेल्या बारांपैकी. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने माझं अक्षर. जुनेरं फडकं घालायला तो गुरांचा हौद नाही.

कोणाला सांगितलं नाही. केलेलं बोलून दाखवायची आम्हाला सवय लावलेली नाही.

१८ जून

पाणी काचेसारखं. लवू झाकण उघडून बघतच राहिला. "बाईनू, तळ दिसता. खाली टाचणी पडली तर गावात." धनेशही वाकून बघत होता. गाळ खाली बसला असेल म्हणाला. मी शेवग्याच्या शेंगा निवडत होते, मान वर केली नाही.

पेला ठेवून पाहिलं. एकादशीपासून संकष्टीपर्यंत सगळं वाचलं.

आकांक्षा ओरडली, "अडुसष्ट." मग पुन्हा बुडवून पुन्हा ओरडली. दोघं मीटर झटकत, पुसत बसले. डोळ्यांना दिसतं आहे की पाणी सुधारलं, पण ऐकायचं कोणाचं, तर बॅटरीवर चालणाऱ्या एका काडीचं.

२ जुलै

आकडा एकशे बारा. घरात सुतक असल्यासारखी शांतता. धनेशने सगळ्या पन्हळी उतरवून धुतल्या.

अखेर मला बोलावं लागलं. नव्या खोलीवरच्या स्लॅबवर आकांक्षाने मे महिनाभर कोकमाची सोलं मीठ लावून वाळवली. शेजारी खारवलेले बांगडे. ते मीठ जाणार कुठे? स्लॅबमध्ये मुरलं आणि आता पावसाबरोबर हौदात येतंय. जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं.

आकांक्षा आमटी वाढत होती. म्हणाली, "आत्यानू, स्लॅबच्या पाण्याचो पाइप हौदाक जोडूकच नाय. तो भायर सोडलोहा."

"खारं वाऱ्यानेही उडतं."

"मगे सोलकडी पिताना तुमका ता मीठ लागूक नाय? काल दोन वाट्यो घेतलास."

धनेश ताटात बघून हसला. मी उठले. या घरात उत्तरं द्यायला शिकवतात, विचार करायला नाही.

तरीही नंतर दोन दिवस ती गुडघ्यांवर बसून काथ्याने स्लॅब घासत होती. पावसात, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून. म्हणजे मनातून पटलं होतं.

२० जुलै

रेझिन संपलं. तीन महिने पुरायला हवं होतं, पाच आठवड्यांत गेलं. कोल्हापूरचा विकणारा फोनवर म्हणाला, पाण्यात काहीतरी विरघळतंय, दिसत नाही पण आहे. न दिसणाऱ्या गोष्टी विकणाऱ्यांचं बरं असतं.

नवीन पार्सल घाटात दरड कोसळल्यामुळे अडकलं होतं. धनेश मोटारसायकलवरून वैभववाडीपर्यंत जाऊन घेऊन आला. आला तेव्हा ओठ निळे पडले होते. आकांक्षाने पाणी तापवलं, मी आल्याचा काढा केला आणि त्याच्यापुढे आदळला. आदळला असं तो म्हणतो. मी ठेवला.

रात्री ताप होता. उघड्यावर रेनकोटाशिवाय गेला. हे काय वय आहे अशा धंद्याचं.

रुमालातला खडा पार विरघळून गेला होता. दुसरा बांधला, दुप्पट मोठा. एवढं तर मी करू शकते.

८ ऑगस्ट

आज नारळी पौर्णिमा. शेजारच्या बायका समुद्राला नारळ द्यायला जाताना आमच्या अंगणात थांबल्या होत्या, आणि मी लवूला हौदापाशी पाहिलं. पाय गुडघ्यांपर्यंत ओले, हातात कोयता, खांद्यावर काचा धुवायचा दांडा. सात आठवडे जो प्रश्न सगळ्यांना पडला होता त्याचं उत्तर समोर उभं होतं.

"लवू, तू हौदात पाय धुतोस."

"मी, बाईनू?"

"मग पाणी कोण बिघडवतं? मी?"

लवू कोयता जमिनीवर ठेवून सरळ उभा राहिला. "बाईनू, हे पाय मी माडाक लावतंय. लावच्या आदी माडाच्या पाया पडतंय. ते पाय मी पिवच्या पाण्यात घालीन?"

"ते पिण्याचं नाही, काचेचं आहे."

"मगे तर जास्तच कळता माका. त्या पाण्यार माझा पोट आसा."

धनेश मागून धावत आला. लवूने खांद्यावरचा दांडा भिंतीला नीट टेकवून ठेवला, पडू नये म्हणून खाली दगड लावला, आणि धनेशला म्हणाला, "तुझ्या आत्येक वाटात तेव्हा तिणा माझ्या दारात येवन सांगूचा. तवसर माका बोलव नको."

गेला. चोराला बोललं की त्याचा मान दुखावतो.

१४ ऑगस्ट

माझ्या हौदाला कुलूप लागलं आहे.

मी मसुऱ्याला मैत्रिणीकडे दोन दिवस राहून आले. तेवढ्यात धनेशने दोन महिन्यांचं सगळं पाणी माडांच्या मुळाशी सोडून दिलं, आत उतरून हौद घासला, झाकणाला कडीकोयंडा बसवला आणि पितळी कुलूप लावलं. काचेसारखं पाणी. मातीत.

"हे काय?"

"उंदीर पडतत, आत्या."

"उंदरांना कुलूप?"

माझ्याकडे बघेना. आकांक्षा दाराआड उभी होती. ती पुढे झाली, काहीतरी बोलणार होती, पण त्याने हात हलवला आणि ती आत गेली. मग तो म्हणाला, "आत्या, ह्या पाण्याचा सगळा माझ्यार सोड. रंग कसोय असांदे. तू फक्त बघ. आयकशील?"

असा समजुतीने, सावकाश. लहान मुलांशी किंवा वेड्यांशी बोलतात तसा.

माझा रुमाल गेला. गाळाबरोबर फेकला असणार. बघितला असता तर विचारलंच असतं.

१७ ऑगस्ट

धनेश लवूच्या घरी गेला होता. परत बोलवायला नव्हे, माफी मागायला. आकांक्षाने स्वतः सांगितलं. ज्याने पाणी नासवलं त्याची माफी. लवू म्हणाला म्हणे, तुझ्यावर राग नाही, पण ज्या बोलल्या त्यांनी येऊन सांगावं.

काय सांगू? ऐकून घ्यायचं काम मी टेलिफोनवर बसायची तेव्हा केलं, तेही पगार घेऊन.

३० ऑगस्ट

गणपतीच्या दर्शनाला गुरुदास आला. तारकर्लीच्या वाटेवर त्याचं तीन मजली हॉटेल होतं आहे, समुद्राकडची सगळी बाजू काचेची. याच्या आजोबांना मी होडीत शिडं शिवताना पाहिलं आहे. मोदक खाऊन झाल्यावर धनेशला म्हणाला, "दसऱ्याक उघडतंय. सोळा तारखेक एक बाजू धुवन दाखय. माका आवाडली तर वर्षाचा काम तुझा. तुझ्याकडसून बघून बाकीचे हॉटेलवाले आपसूक येतले."

"आणि नाय आवाडली तर?"

"गोंयची कंपनी तयार आसा. पण तू घरचो, म्हणान पयलो तुका."

गुरुदास गेल्यावर धनेश बराच वेळ गणपतीसमोर बसून राहिला. आकांक्षा त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोघांच्या मध्ये हातभर अंतर, आणि त्या अंतरात तिने आपला हात ठेवला होता. मी निरांजन सारखं करायला आत जाणार होते, गेले नाही.

सध्या आकडे पुन्हा सतरा, सोळा, सोळा. ओरडताना तिचा आवाज बदलला आहे. मी साडेपाचलाच जागी असते, त्यामुळे झोपमोड होते असं म्हणता येणार नाही.

१५ सप्टेंबर

उद्या गुरुदासकडे परीक्षा. रेझिन जवळजवळ संपलंय, पण धनेश म्हणतो पाणी सोळाचं आहे, गाळायची गरजच नाही, सरळ पिंपं भरायची आणि निघायचं. आकांक्षाने संध्याकाळी मीटर बुडवून बघितला. सोळा. दिनदर्शिकेवर त्याभोवती गोल काढला. दोघं आज बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलत आहेत. तिने गोडाचा शिरा केला, माझ्या खोलीत आणून दिला आणि म्हणाली, "आत्यानू, उद्या तुमी येवकच होया. तुमी आसलास की गुरुदास वायच दबकान रवतलो."

मी म्हटलं बघू. मोरपंखी साडी बाहेर काढून ठेवली आहे.

मग न्हाणीघराशेजारच्या नळातून पेलाभर पाणी काढलं. तो हौदालाच जोडलाय. पुन्हा तेच. फिकट तांबूस. पेल्याखाली उद्याची तारीखसुद्धा वाचता येईना. हे पाणी घेऊन तो गुरुदाससमोर उभा राहणार. गुरुदास पिंपात डोकावून बघेल, चार लोकांत म्हणेल, हे गटाराचं पाणी कुठून आणलंस. आणि तो अंगठ्याने जमीन उकरत राहील.

हौदाला कुलूप. पण पन्हळीचा पाइप हौदात जिथे शिरतो तिथला वाकडा जोड हाताने फिरवला की निघतो. लवू गाळ काढायला काढायचा, मी पाहिलं होतं. खडा फिरवत बसायला वेळ नव्हता. तुरटी पाट्यावर कुटून पूड केली, चांगली पायलीभर वाटावी इतकी. निम्मी गरम पाण्यात विरघळवून पाइपातून ओतली. निम्मी रुमालात सैल बांधून सुंभाने आत सोडली. अडुसष्टाव्या वर्षी, ओल्या दगडावर चढून, एका हाताने भिंत धरून. घसरले असते तर कोणाला कळलंही नसतं कशासाठी.

आता रुमाल दहा उरले. हरकत नाही.

सकाळपर्यंत पाणी नितळ होईल. तो बघेल आणि त्याला वाटेल पाऊस चांगला आहे.

१६ सप्टेंबर

सगळं लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

गुरुदासचा पहाटे फोन आला. दुपारी पाऊस धरेल, दहाऐवजी आठलाच या. लवू नाही, त्यामुळे पिंपं भरण्यापासून गाडीत चढवण्यापर्यंत सगळं धनेश आणि आकांक्षा दोघंच. आज ती "सोळा" ओरडली नाही. कालच बघितलं होतं, वेळ नव्हता. धनेश पिंपात बघून एवढंच म्हणाला, "पाणी बरा निवाळला." मी रिक्षातून मागोमाग गेले.

खोटं कशाला लिहू, छान दिसत होता. दांडा तिसऱ्या मजल्यापर्यंत उभा केला आणि ब्रश असा फिरवत होता जशी नववधू अंगणात रांगोळी घालते. काचेवरचा खारट पांढुरका थर उतरत गेला आणि खालून समुद्र वर यायला लागला. गुरुदासचे गवंडी, सुतार काम टाकून बघायला जमले. कोणीतरी म्हणालं, "काच आसा की नाय ताच समजना." गुरुदासने माझ्यासाठी खुर्ची आणवली. मी म्हटलं, आमच्या घरात काम करतात ते असंच करतात.

मग ऊन आलं.

आधी वरच्या काचा सुकल्या. एक ठिपका, मग दहा, मग काच भरून. पांढरे, गोल, एकाला एक लागून. खालपर्यंत उतरत आले. धुवायच्या आधी बरी म्हणावी अशी काच.

गुरुदासनेच तोंड उघडलं. "धनेशा, समुद्राचा मीठ काडूक सांगितलंलंय. तुझ्या घरचा लावूक नाय."

धनेश काचेजवळ गेला. एका ठिपक्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. आणि तसाच वळून त्याने माझ्याकडे पाहिलं. इतके लोक होते, गुरुदास होता, बायको होती, पण पाहिलं माझ्याकडे. लाज वाटली असणार, घराण्याची.

"काय ता?" गुरुदासने विचारलं. "मीठच मां?"

"होय," धनेश म्हणाला. "मीठच. चूक माझी. सकाळी आकडो बघूक होयो होतो."

आकांक्षाने तोंडावर पदर धरला आणि गाडीत जाऊन बसली.

१७ सप्टेंबर

मी गप्प राहिले नाही. जुलैमध्ये सांगितलं होतं, सोलांचं मीठ, कोणी ऐकलं नाही. आता त्याच्याच तोंडाने सर्वांसमोर कबूल करायची पाळी आली. मीठ. हा शब्द मी आधी उच्चारला होता.

आकांक्षा विळीवर बसली होती. ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्यानू."

धनेश बाहेरून म्हणाला, "आकांक्षा, नको."

ती तशीच उभी राहिली, मग नारळाची वाटी उचलून परत खोवायला बसली. अर्धवट बोलणं हे वाईट संस्कारांचं लक्षण आहे.

संध्याकाळी तो पुन्हा हौद धूत होता. मी विचारलं, आता कशाला? म्हणाला, "धुतंय." हातात काहीतरी ओलं होतं. मला बघून खिशात घातलं.

४ ऑक्टोबर

दसरा झाला. गुरुदासचं हॉटेल उघडलं. काचा गोव्याच्या कंपनीने धुतल्या. आम्हाला आमंत्रण होतं, कोणी गेलं नाही.

धनेशच्या दोह्याच्या जुन्या साहेबाने होकार कळवला आहे. दोघांनाही. आकांक्षाला तिथल्या शाळेत मदतनीस म्हणून घेतील.

मी म्हटलं, छान.

२६ ऑक्टोबर

पाऊस जायचं नाव घेत नाही. दिवाळीतही पन्हळी वाजत होत्या. पाइप अजून जोडलेले आहेत, कोणी काढले नाहीत. आकांक्षा आकडा ओरडत नाही, पण सकाळी हौदापर्यंत जाते. चपलांचा आवाज ओळखते मी.

आज दोघं बॅगा भरत होते. मी दारात उभी राहिले. मनात होतं, सांगावं की हौद तुझ्या नावावर करते. घराचंही बघू. पुढच्या पावसात पुन्हा कर, एका काचेने जग बुडत नाही. धनेशने मान वर करून विचारलं, "काय गे आत्या?"

मी म्हटलं, "छत्र्या घेतल्या का?"

"दोह्यात पावस नसता," तो म्हणाला. पण उठून छत्री घेतली आणि बॅगेत ठेवली.

११ नोव्हेंबर

गेले. गाडी सकाळची होती. आकांक्षा पाया पडली तेव्हा मी म्हटलं, तिथे तरी मीठ जपून वापर. ती हसली. काय हसण्यासारखं होतं?

धनेश म्हणाला, "आत्या, गोळये वेळेर घे. आणि लवूक एकदा भेट. माझ्यासाठी."

दुपारी तीन कपांचं आधण ठेवलं गेलं. ओतून दिलं.

१४ नोव्हेंबर

सर्दी झाली म्हणून रुमाल काढायला कपाट उघडलं. वरच पितळी किल्ली होती, हौदाची. खाली रुमाल. दोन रुमाल जास्त पांढरे. इस्त्री केलेले, घडी माझ्या पद्धतीची, चौकोनात चौकोन. कोपऱ्यात निळं अक्षर.

मोजले. बारा.

पुन्हा मोजले. मग पलंगावर बसून एकेक उलगडून मोजले.

एक रुमाल ऑगस्टपासून इथे असणार, दुसरा सप्टेंबरपासून. मी वरचेच वापरत होते, खालपर्यंत हात घातलाच नव्हता. आकांक्षाने दोन्ही वेळा धुतले, वाळवले, इस्त्री केली आणि मी न्हायला गेलेली असताना आणून ठेवले. म्हणजे उंदीर वगैरे काही नव्हतं. कुलूप कोणासाठी होतं ते कळलं. आणि त्या दिवशी काचेजवळ बोट जिभेला लावून त्याने माझ्याकडे का पाहिलं तेही. मीठ खारट असतं. खारटाने तोंड असं वाकडं होत नाही.

तीन महिने त्यांना ठाऊक होतं. तीन महिने मी जेवायला बसून मीठ, सोलं, लवूचे पाय. दोघं ऐकत होते आणि वाढत होते.

मला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं असतं, खोटं आहे.

हौदाशी गेले. कुलूप उघडलं. दिवाळीतल्या पावसाने काठोकाठ भरला आहे. पेलाभर घेऊन दिनदर्शिकेवर ठेवला. तांबूस. अक्षरं लागत नाहीत. सिस्टर फिलोमिनाने मुलींना हगवण लागू नये म्हणून सांगितलं होतं आणि आम्हाला कधी लागली नाही. काचेबद्दल तिने काही सांगितलं नव्हतं. धनेशला ठाऊक होतं. त्याला मी विचारलं नव्हतं.

दिनदर्शिकेशेजारच्या खिळ्याला मीटर टांगलेला होता. विसरले की ठेवला, कोण जाणे. पेल्यात बुडवला. आकडा थरथरला, थांबला.

"सोळा," मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा लागेल असं वाटलं नव्हतं. आतून कोणी काही विचारलं नाही.

आजच्या चौकोनात लिहिलं. वरची सगळी अक्षरं तिची आहेत, हे एकच वेगळं दिसतं.

१५ नोव्हेंबर

लवूच्या दारात गेले. तो ओट्यावर बसून सुंभ वळत होता. उठला नाही. त्याची बायको पाट घेऊन आली, त्याने तिला नजरेने थांबवलं. मी उभीच राहिले.

रस्ताभर मराठीत वाक्यं जुळवली होती. एकही आलं नाही. पन्नास वर्षांत मी या गावच्या बोलीत कोणाशी बोलले नव्हते, आई सोडून.

"लवू," मी म्हटलं, "पाणी मीच बिघडयलंय. तू नाय."

त्याने सुंभाची गाठ मारली, दाताने ओढून पक्की केली. मग म्हणाला, "माका ठावक आसा, बाईनू. धनेशान तेवाच सांगलेल्यान."

"मग इतके दिवस?"

"तुमी येतास की नाय, ता बघी होतंय." पुन्हा खाली बघून वळायला लागला. "आता उशीर झालो. पण इलास."

पाट मात्र त्याने मागवला नाही.